पॉइंटच्या पुढचं

“भ्या वाटायलंय का, सिस्टर? मग बरं हाय.”

नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नर्सिंग कुठून केलं तेही नाही. नांदेडच्या एका खासगी दवाखान्यातला तो नवजात बाळांचा विभाग. काचेच्या सात पेट्या, प्रत्येक पेटीत ओंजळीत मावेल एवढं बाळ, आणि सगळीकडे वाजणारी यंत्रं. मी दाराची चौकट धरून उभी होते. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरपुढे अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घातलेला, चष्मा कपाळावर सरकवलेला एक माणूस बसला होता. मी हो म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. ज्या सिस्टरला या खोलीत भीती वाटत नाही तिला इथे ठेवूच नये, असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी मोठ्या डॉक्टरांनाही ऐकवलेलं होतं.

आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. दवाखान्यातले प्रिंटर, वायरी, बंद पडणारे कॉम्प्युटरचे पडदे हे सगळं त्यांच्याकडे. पण त्यांचा जीव होता तो आमच्या विभागातल्या त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये; आम्ही त्याला मशीन म्हणायचो. त्याला इंटरनेट जोडलेलं नव्हतं. त्याच्यात त्यांनी स्वतः लिहिलेला एक प्रोग्राम होता. बाळाचं वजन आणि डॉक्टरांनी सांगितलेलं पाण्याचं प्रमाण टाकलं की ग्लुकोजचं पाणी तासाला किती मिली सोडायचं ते तो सांगायचा.

आता त्यांचा ग्लास. मशीनशेजारच्या खिडकीत स्टीलचा एक ग्लास कायम काठोकाठ भरलेला असायचा. आम्हाला वाटायचं काका पाणी पितात. ते त्यातलं थेंबभरही पीत नसत. सकाळी आले की जुनं पाणी कुंडीत ओतायचं, नवं भरायचं, खिडकीत ठेवायचं. मग मशीन चालू करण्याआधी एकदा, आणि पुढे दिवसभरात अधूनमधून, पाण्याकडे बघायचं. पाणी स्थिर असलं की मान हलवायची. ट्रक गेला आणि पाण्यावर बारीक रेघा उमटल्या तर खुर्चीतून अर्धे उठायचे. आमच्यातल्या एकदोघी त्यांची नक्कलही करायच्या, आणि काका त्यांना हसत दादही द्यायचे. मी मात्र कधी नक्कल केली नाही. मी निलंगा तालुक्यातली. आमच्या भागात असे ग्लास मी घरोघरी पाहिले आहेत.

त्यांचं गाव औशाकडचं. त्र्याण्णवच्या भूकंपात ते गाव बसलं. ते स्वतः नांदेडला वसतिगृहात राहून शिकत होते म्हणून वाचले. घरात आई होती, धाकटी बहीण होती. यापलीकडे त्यांनी कधी काही सांगितलं नाही, आणि आमच्याकडच्या माणसांना यापलीकडे विचारायचं नसतं एवढं कळतं. एकदा फक्त मी त्यांना म्हटलं की आमचे आजोबा अजून पत्र्याखालीच झोपतात, स्लॅबच्या खोलीत पाय ठेवत नाहीत. काकांनी मान डोलावली आणि ते हुशार आहेत म्हणाले.

तुम्हीही असा एखादा भित्रा माणूस जवळून पाहिला असेल. अशी माणसं कामाला फार चांगली असतात. काका जिन्यावरून उतरताना कठडा धरायचे, लिफ्टमध्ये पाय ठेवायचे नाहीत, कॉफीच्या मशीनचाही त्यांना भरवसा नसायचा. पण त्यांची सगळ्यात मोठी भीती एका टिंबाची होती. दशांशचिन्हाची. आम्ही त्याला पॉइंट म्हणतो.

त्याला कारण होतं. मी यायच्या खूप आधी याच विभागात कुणीतरी दीड मिली असं आकड्यात लिहिलं होतं, मधलं टिंब फिकट उमटलं आणि दुसऱ्या कुणीतरी ते पंधरा वाचलं. औषध सिरिंजमध्ये भरलं गेलं होतं. नळीला लावण्याआधी एका सिस्टरला सिरिंज फारच भरलेली दिसली म्हणून तिने थांबवलं. काका तेव्हा कोपऱ्यात वायर जोडत बसले होते आणि त्यांनी हे सगळं बघितलं. त्यानंतर त्यांनी प्रोग्राम लिहिला तो पहिल्या नियमासकट: मशीनमध्ये पॉइंट टाकायचा नाही. वजन किलोत नाही, ग्रॅममध्ये. एक पॉइंट एकोणीस नाही, अकराशे नव्वद. सगळे आकडे पूर्ण. पॉइंटची कळ दाबली तर मशीन वाजायचं आणि काका असतील तिथून यायचे.

दुसरा नियम कागदाचा. जुन्या प्रिंटांच्या कोऱ्या पाठीचे चौकोनी तुकडे करून, दोरा ओवून, त्यांनी प्रत्येक पेटीला एकेक वही बांधली होती. मशीनने उत्तर दिलं की तोच हिशेब सिस्टरने कागदावर हाताने करायचा, मगच बाळाच्या नळीत पाणी सोडणारा पंप लावायचा. “मशीनला इच्यारा,” ते म्हणायचे, “पर तिचं ऐकू नका. कागद करा.” फाइलमध्ये फक्त पंपावर लावलेला आकडा आणि खाली सही. कागद फाडून टाकायचा.

कागद केला की एक गोष्ट दिसायची. कागदावर तीन पॉइंट आठ यायचे आणि मशीनवर तीन. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. काकांना पॉइंटची भीती वाटते, म्हणून त्यांचं मशीन पॉइंटच्या पुढचं दाखवत नाही, एवढंच आम्ही धरून चाललो. मला शिकवणाऱ्या सिस्टरने मला तसंच सांगितलं, मी माझ्यानंतरच्या मुलींना तसंच सांगितलं. मशीन ढोबळ सांगतं, खरं कागदावर. हे काकांना ठाऊक असणारच, त्यांनीच तर बनवलंय. त्यांना सांगायला जायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

मागच्या वर्षी दवाखान्याने सगळी यंत्रणा नवी करायची ठरवली. पुण्याच्या एका कंपनीतून एक मुलगी आली, पंचविशीची, पाठीवर बॅग. ती काकांना सर म्हणायची आणि त्यांचं सगळं नीट ऐकून घ्यायची. तिने आमच्या मशीनचा प्रोग्राम उघडला आणि म्हणाली की हा पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत लिहिलेला आहे, ती आवृत्ती बनवणाऱ्यांनीच केव्हाची सोडून दिली आहे, आता तिसरी चालते. दुसरीत काही बिघाड निघाला तर तो दुरुस्त करणारं जगात कुणी बसलेलं नाही.

काकांना ते ऐकून रागच आला. त्यांचं म्हणणं, बनवणाऱ्यांनी सोडली म्हणजे आता तिच्यात कुणी लुडबूड करणार नाही. जी रोज बदलते ती वस्तू बाळाच्या नळीला लावायची का? ही भाषा आज जे उत्तर देईल तेच उद्या देईल, आणि माझ्या मागंबी तेच देईल.

ती मुलगीही हटली नाही. तिचं म्हणणं असं की जुनं वाईट असतं असं तिला म्हणायचंच नाही, तिच्या कंपनीतही काही ठिकाणी जुन्या आवृत्त्या चालू आहेत. पण हे मशीन बंद पडलं तर नव्या मशीनवर ही आवृत्ती बसवताना नाकीनऊ येतील. आणि सर, ती म्हणाली, यात कुठली ओळ का लिहिली आहे ते फक्त तुम्हाला माहीत आहे. तुम्ही आजारी पडलात तर?

काकांनी तिला बोट करून मशीन दाखवलं. “उभी हाय न्हवं? इतकी वर्षं उभी हाय. उभ्या वस्तूला हात लावू ने, बाई.”

मोठ्या डॉक्टरांनी मधला मार्ग काढला. नवा प्रोग्राम नव्या आवृत्तीत करायचा, ओळन् ओळ जुन्यासारखी, आणि महिनाभर दोन्ही शेजारी शेजारी चालवून उत्तरं ताडून बघायची. काका कबूल झाले. त्यांना खात्री होती की चुकलं तर नवं चुकेल, आणि मुलीला परत पाठवता येईल.

त्या दिवशी सकाळची पाळी माझी होती. मुलीने दोन पडदे जवळ ठेवले होते. काकांनी ग्लासकडे बघितलं, मान हलवली आणि स्वतःच आकडे सांगितले. बाराशे ग्रॅम. दोन्हीकडे चार. नऊशे ग्रॅम, दोन्हीकडे तीन. पंधराशे, दोन्हीकडे पाच. काका माझ्याकडे बघून जरासे हसले. मग मुलगी म्हणाली की आता खरी वजनं टाकू, आणि तिने समोरच्या पेटीवरची पाटी वाचून साडेअकराशे टाकले.

जुन्या पडद्यावर तीन आले. नव्यावर तीन पॉइंट त्र्याऐंशी.

मी मनात म्हटलं, त्यात काय, जुनं पॉइंट दाखवत नाही. आणि काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांना हे माहीत नव्हतं.

हिशेब सोपा आहे, तुम्हीही करून बघा. साडेअकराशे ग्रॅमच्या बाळाला किलोमागे ऐंशी मिली म्हणजे दिवसाला ब्याण्णव मिली पाणी. ते चोवीस तासांत वाटायचं. ब्याण्णव भागिले चोवीस. पायथनच्या जुन्या आवृत्तीचा नियम असा की दोन्ही आकडे पूर्ण असले तर उत्तरही पूर्णच द्यायचं, उरलेलं टाकून द्यायचं. पॉइंट असलेला एक जरी आकडा तिला दिला असता तर तिने पॉइंटसकट बरोबर उत्तर दिलं असतं. पण पॉइंट तर काकांनीच दारातून हाकलला होता. म्हणून तासाला तीन तीन करून चोवीस तासांत ब्याण्णवचे बहात्तरच झाले. दिवसाला वीस मिली कमी. म्हणजे चार चमचे, आणि ते बाळ सव्वा किलोचंसुद्धा नाही.

नव्या आवृत्तीत तीच ओळ, तसाच भागाकार, आणि उत्तर बरोबर. काकांनी सुरुवातीला प्रोग्राम तपासला होता, कितीतरी वेळा तपासला होता, पण बाराशे, नऊशे, पंधराशे अशा सोप्या वजनांवर. त्यांचा भागाकार नि:शेष जातो.

काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मग मुलीलाही ऐकू येणार नाही अशा आवाजात मला म्हणाले, “नियम मला पाठ हाय, सिस्टर. कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवलाय मी पोरांना.”

मी त्यांना धीर द्यायला गेले. म्हटलं, काका, आम्ही कागद करतो ना, आम्ही तीन पॉइंट आठच लावतो, आम्हाला ठाऊक होतं. हे बोलता बोलता मी मधेच थांबले. कारण आम्ही नेहमीच कागद करत होतो का?

करत होतो. बहुतेक वेळा. पण सातही पेट्या भरलेल्या असतात, जोडीदारीण सुट्टीवर असते, एका बाळाचा श्वास अडकलेला असतो आणि दुसऱ्याचा पंप लावायचा राहिलेला असतो. तेव्हा हात पडद्यावरचा आकडा उचलतो, पंपावर लावतो, फाइलमध्ये लिहितो आणि सही करतो. कागद नंतर करू, असं मनात असतं. मी ते केलेलं होतं. किती वेळा ते मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून काका तळमजल्यावरच्या रेकॉर्डच्या खोलीत बसले. डॉक्टरांची परवानगी घेऊन त्यांनी विभागाच्या सगळ्या जुन्या फायली काढल्या. डबा घेऊन यायचे, पंख्याखाली फायलींचे ढीग लावायचे आणि एकेका बाळाचं वजन बघून कागदावर भागाकार करायचे. फाइलमध्ये पॉइंट असलेला आकडा दिसला की पान उलटायचं. नुसता पूर्ण आकडा दिसला आणि भागाकार नि:शेष जात नसला की ती फाइल बाजूला. ग्लास त्यांनी बरोबर खाली नेला होता. मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत दारापर्यंत जायची आणि बाजूला काढलेल्या ढिगाची उंची बघून परत यायची. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. आईचा फोन आला की ठीक आहे म्हणायची.

अकरा फायली निघाल्या. इतक्या वर्षांत अकराच, असं कुणी म्हणेल. काका म्हणाले नाहीत. दहा बाळांना कमी पाणी मिळालं होतं ते चार-सहा तास, पुढच्या पाळीच्या सिस्टरने कागद करून आकडा सुधारला होता. अकराव्या फाइलमधला आकडा सकाळी लागला तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तसाच होता. वजन अकराशे नव्वद. लावलेले तीन, लागायचे होते जवळपास चार. आणि पहिल्या दिवसाच्या दुपारच्या नोंदीत लिहिलं होतं: हातपाय थरथरतात, साखर कमी, ग्लुकोज दिलं, थरथर थांबली.

काकांनी मला खाली बोलावलं. फाइल माझ्याकडे फिरवली.

“ही सही तुमची का?”

मी हो म्हणाले. माझीच होती. सहीखालची रेघसुद्धा माझी, मला सहीखाली रेघ ओढायची सवय आहे. मला ते बाळही आठवलं. मुलगी होती. लोह्याजवळच्या एका खेड्यातली. तिचे ते थरथरणारे हात मीच धरले होते आणि आईला म्हटलं होतं, लवकर जन्मलेल्या बाळांना होतं असं.

मला वाटलं ते ओरडतील. बाकी सगळ्या गोष्टींत मऊ असलेला हा माणूस कागदाच्या बाबतीत कडक होता. त्यांनी ग्लासकडे बघितलं.

“भ्या वाटायलंय?”

मी मान हलवली.

“मला बी,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत स्वतःच्या भीतीबद्दल ते मला पहिल्यांदा बोलले. मग फाइल बंद करता करता म्हणाले, “आमच्या गावातली घरं बी लई वर्षं उभीच होती, सिस्टर. उभी हायत म्हून आमी त्यास्नी मजबूत समजलो. मला तर हे कळाया पायजे होतं. मला.”

आम्ही मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी फाइल दोनदा वाचली. लोह्याकडची ती मुलगी जन्मानंतर वर्षभर तपासणीला येत होती, त्यात काही वेगळं दिसलेलं नव्हतं. साखर थोडा वेळच कमी होती, लगेच भरून काढली होती. ती पाणी कमी पडल्यामुळे कमी झाली की एरवीही झाली असती, ते सांगता येत नाही. पुढे काही परिणाम होईल का? तेही सांगता येत नाही. डॉक्टर चांगले आहेत, खरं तेच बोलले. पण तेव्हापासून ‘सांगता येत नाही’ हे तीन शब्द ऐकले की माझ्या अंगावर काटा येतो.

मग त्यांनी विचारलं, आकडा लावला कुणी?

मी काकांच्या शेजारीच उभी होते. फाइल टेबलावर उघडी होती, सही दिसत होती. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “मशीननं सांगितला तो लावला, सर. मशीन माझी हाय.” डॉक्टरांनी फाइल मिटली. मी तोंड उघडायला हवं होतं, एवढं वाक्य होतं, मी कागद केला नाही. मी फरशीकडे बघत राहिले.

फाइलमधला फोन नंबर लागत नव्हता. डॉक्टरांना ती मुलगी एकदा बघायची होती. गाव लोह्याजवळ, म्हणून काका म्हणाले जाऊन येतो, आणि मी म्हटलं मीही येते. रविवारी सकाळच्या एसटीने आम्ही लोह्याला गेलो, तिथून काळीपिवळीने खेड्यात. वाटेत वळण आलं की काका पुढच्या सीटचा दांडा धरायचे. दोन्ही बाजूंना सोयाबीन उभं होतं. मी मनात त्या मुलीचं वय मोजत होते. सहा वर्षं. सहा वर्षांच्या मुलीला काय काय यायला हवं ते मी आठवत होते, पुस्तकात शिकल्यासारखं एकेक.

घर सापडलं. आई अंगणात भांडी घासत होती. मला तिने लगेच ओळखलं, सिस्टर म्हणून हात धुऊन पुढे आली, चटई टाकली. काका चटईवर टेकले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले की माय, आमच्या हातून गलती झाली होती. मग सोप्या भाषेत सगळं सांगितलं. मशीन, पाणी, चार चमचे. माझी गलती, माझ्या मशीनची, असं दोनदा म्हणाले. मी शेजारी होते आणि इथेही गप्प होते.

आईला पहिल्यांदा काही कळलं नाही. मग कळलं. तिने मागे वळून घराच्या दाराकडे बघितलं, मुलगी आत होती तिकडे.

“मंग आता?” ती म्हणाली.

काकांनी एकदा नांदेडला आणून दाखवा म्हणून सांगितलं, गाडी दवाखाना पाठवेल म्हणाले. आई आठवून आठवून सांगायला लागली. चालली वेळेवर. शाळेत जाते. “बोलाया जरा उशीर लागला तिला,” ती म्हणाली. “पर आता तोंड बंद व्हत न्हाई.” हे तिने हसून सांगितलं, पण तिचे डोळे हसत नव्हते. आमच्यामुळे ती आता लेकीकडे रोज असं बघणार, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. घरी माणसं आली की पाणी द्यायचं, एवढं तिला शिकवलेलं. दोन्ही हातांनी स्टीलचा ग्लास धरलेला, काठोकाठ भरलेला. उंबरा उंच होता. तिने एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा, जीभ ओठांत धरून, नजर पाण्यावर. मी बघत होते. काकाही बघत होते, खिडकीतल्या ग्लासकडे बघायचे तसे. ती अंगण ओलांडून आली, मधला ओबडधोबड दगड चुकवला आणि काकांसमोर ग्लास धरला. एक थेंब सांडला नव्हता.

काकांनी ग्लास हातात घेतला आणि त्यांचा हात असा कापायला लागला की अर्धं पाणी शर्टावर सांडलं. मुलगी मोठ्याने हसली. उरलेलं पाणी त्यांनी पिऊन टाकलं. त्यांना ग्लासातलं पाणी पिताना मी तेव्हाच बघितलं.

पुढच्या आठवड्यात मुलगी नांदेडला आली. डॉक्टरांनी सगळं तपासलं. दिसण्यासारखं काही नाही म्हणाले, वर्षातून एकदा आणत जा म्हणाले.

काकांनी त्या पुण्याच्या मुलीबरोबर बसून नवा प्रोग्राम पुरा केला. नव्या आवृत्तीत, पॉइंटसकट. आम्हा प्रत्येकीला शेजारी बसवून पॉइंटच्या आधी शून्य कसं लिहायचं, मोठं टिंब कसं द्यायचं ते शिकवलं. तपासणीला कुठलंही सोपं वजन घेतलं नाही. जुनं मशीन बंद करायच्या दिवशी मुलीने त्यांना विचारलं की सर, आठवण म्हणून घरी नेणार का? ते नको म्हणाले. मग त्यांनी दवाखान्याला पत्र लिहून नोकरी सोडली. पत्र मी वाचलं. चूक माझी, तपासणी कमी पडली ती माझी, आणि सिस्टरांनी कागद केले म्हणून बाकीची बाळं वाचली, असं त्यात होतं. ते ‘सिस्टरांनी कागद केले’ वाचताना मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. माझं नाव कुठेही नव्हतं. जाताना त्यांनी ग्लास कुंडीत रिकामा केला आणि पिशवीत टाकला. खिडकीत त्याचा गोल डाग राहिलाय.

आता त्यांचा फोन लागत नाही. कुणी म्हणतं ते सोलापूरला गेले, कुणी म्हणतं गावातच आहेत, फोन ठेवत नाहीत. मी अजून त्याच विभागात आहे. आता कागद केल्याशिवाय मी पंपाला हात लावत नाही, मग मागे कुणी कितीही घाई करो. नव्या मुलींना मी खाष्ट वाटते, वाटू दे.

गावी जाताना माझी एसटी लोह्यावरून जाते. मधे उतरून मी त्या मुलीला भेटून येते, वह्या नेते. ती बोलत असते आणि मी तिचा प्रत्येक शब्द ऐकत असते. कुठे अडखळली की माझं काळीज थांबतं, आणि ती पुढे बोलायला लागली की चालू होतं. गेल्या दिवाळीत तिने विचारलं, ते पाणी सांडणारे आजोबा कधी येणार? मी म्हटलं ठाऊक नाही.

“त्येंचा हात लई हालत होता,” ती म्हणाली. “मी न्हवतं सांडलं. मी कधीच सांडत न्हाई.”

हे त्यांना कळायला हवं. सांगणारी मीच आहे, दुसरं कुणी नाही. पुढची एसटी लातूरहून औशाला जाते, स्टँडवर दहा मिनिटं थांबते. तिथून त्यांचं गाव रिक्षाने जाण्याइतकं जवळ आहे. पण तिथे गेले तर आधी दुसरी गोष्ट सांगावी लागेल, की कागद मी केला नव्हता, आणि डॉक्टरांसमोर, त्या आईसमोर, गप्प राहिले ती मी. ते त्यांना ठाऊक आहे. तरी माझ्या तोंडून त्यांनी ऐकायला हवं, आणि मला भीती वाटते.

“मग बरं हाय,” असं ते म्हणतील का, तेही मला कळत नाही. कंडक्टर औसा, औसा म्हणून ओरडतो, माणसं उतरतात, नवी चढतात. मी खिडकीशी बसून राहते. इंजिन चालूच असतं, आणि हातातल्या बाटलीतलं पाणी हलत असतं.